तिची उरलेली रजा माझ्या लेकीला द्या

प्रति,
मा. श्रम आणि रोजगार मंत्री, भारत सरकार
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: बाळंतपणानंतर आई दगावल्यास तिची उरलेली प्रसूती रजा बाळ सांभाळणाऱ्या वडिलांना मिळण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. माझी बायको पुण्यात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. आमची मुलगी जन्मली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिची आई गेली. बाळंतपण सुखरूप झालं होतं, आम्ही घरी आलो होतो. मग तिचा रक्तदाब चढला, झटके आले, आणि दवाखान्यात नेल्यावर ती शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. हे पत्र तिच्या जाण्याबद्दल नाही. तिच्यामागे राहिलेल्या बाळाला सांभाळायला तुमचा कायदा कुणाला वेळ देतो, त्याबद्दल आहे.

ती गेली तेव्हा तिची प्रसूती रजा जवळजवळ सगळी शिल्लक होती. कायद्याने तिला २६ आठवडे मिळणार होते. २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत हा काळ १२ आठवड्यांचा होता. संसदेने तो दुपटीहून जास्त वाढवला, कारण बाळाचे पहिले सहा महिने फार नाजूक असतात. आई मरण पावली तर या रजेचं काय होतं? याचं उत्तर कायद्यात आहे, पण ते फार थोड्यांना माहीत असतं. प्रसूतीच्या वेळी किंवा नंतरच्या लाभाच्या काळात आई दगावली आणि बाळ मागे राहिलं, तर मालकाने त्या संपूर्ण काळाचा प्रसूती लाभ द्यायचा असतो. तिने अर्जात ज्याचं नाव दिलं असेल त्याला, आणि नाव दिलं नसेल तर तिच्या कायदेशीर वारसाला. बाळही त्या काळात गेलं, तर बाळाच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतचा लाभ द्यायचा.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. पण तेच वाक्य मला आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आई गेल्यावरही लाभ चालू राहतो आणि बाळ गेलं की थांबतो. म्हणजे १९६१ साली प्रसूती लाभ कायदा लिहिणाऱ्यांनी हे मान्य केलं होतं की आईच्या मागे हा हक्क बाळाचा आहे.

तिच्या मालकांनी ते पैसे मला दिले. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. पण कायदा पैशापाशी येऊन थांबतो. तीन किलोच्या जिवाला दर अडीच-तीन तासांनी दूध पाजायचं, उभं धरून ढेकर काढायचा, बाटल्या उकळायच्या, रात्री श्वास नीट चाललाय ना म्हणून छातीवर हात ठेवून बघायचं, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशी द्यायला न्यायचं, हे सगळं कुणी करायचं, हा प्रश्न कायद्याने विचारलेलाच नाही. ज्या २६ आठवड्यांचे पैसे बाळाच्या नावाने मिळाले, त्या २६ आठवड्यांत बाळाच्या बापाने मात्र कामावर हजर राहायचं.

आपण २९ जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता आणल्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रसूती लाभाचा भाग आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सहाव्या प्रकरणात आहे. मी तो मुद्दाम शोधून वाचला. साठ वर्षांनी कायदा नव्याने लिहिताना कुणीतरी माझ्यासारख्याचा विचार केला असेल, अशी आशा होती. तीच तरतूद तिथे पुन्हा आहे, पैशाची. वडिलांच्या रजेबद्दल एक ओळ नाही. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो. हे एकट्या माझं गाऱ्हाणं असतं तर मी लिहिलं नसतं.

माझी साठलेली हक्काची रजा बायकोच्या शेवटच्या महिन्यात आणि दवाखान्यात संपली होती. खासगी नोकरीतल्या माणसाला बायको वारल्यावर घरी थांबण्यासाठी कायद्याने एकही दिवस मिळत नाही. जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीने. मला थोडी बिनपगारी रजा मिळाली. वाढवून मागितली तेव्हा ‘अशी तरतूद नाही’ असं उत्तर आलं. निदान पाळी तरी बदलू नका, रात्रपाळी लावू नका, अशी विनंती केली. समोरचा अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने कळवळून विचारलं, “घरात बाईमाणूस कुणी नाही का?”

हाच प्रश्न मला त्यानंतर सगळीकडे भेटला. नातेवाइकांनी तेराव्यालाच विषय काढला, “बाळासाठी तरी दुसरं लग्न कर.” लोकांना वाटतं, बाळ सांभाळायला बाई लागते आणि बापाचं काम ती बाई आणून देणं एवढंच. लोक असं बोलतात ते मी सहन करू शकतो. पण तुमचा कायदाही मला तेच सांगतो, तेव्हा तो माझ्या लेकीवर अन्याय करतो.

माझी आई गुडघ्यांनी अधू आहे, तिला बाळ घेऊन उठता येत नाही. म्हणून माझी मुलगी आजोळी गेली, कराडजवळच्या गावात. माझ्या सासूबाईंनी पोटची लेक गमावली होती. त्यांना मधुमेह आहे, वय झालंय. त्यांना स्वतःला रडायलाही उसंत मिळाली नाही. त्यांनी नातीला उराशी घेतलं आणि कामाला लागल्या. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही. पण मी हेही सांगणार, की माझ्या मुलीचा बाप जिवंत होता, धडधाकट होता, आणि तिच्याजवळ राहायला तयार होता. गुरुवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी असते. बुधवारी पाळी सुटली की मी कराडची एसटी धरायचो आणि गुरुवारी रात्री परत यायचो. काही महिन्यांनी मुलगी माणसं ओळखू लागली. मी घेतलं की रडायची आणि आजीकडे झेपावायची. ज्या बाळाला आई नाही, त्याला बापही परका वाटावा, अशी व्यवस्था आपण चालवतो आहोत.

कायदा इतर ठिकाणी बापाला ओळखतो, हेही पाहा. आई वारल्यावर मूल मावशी-मामांकडे राहिलं आणि वडिलांनी ते परत मागितलं, असं एक प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१९ साली न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला आणि मुलीचा ताबा वडिलांना दिला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही वडील नैसर्गिक पालक आहेत. पालक म्हणून सगळी जबाबदारी माझी. ती पार पाडायला लागणारा वेळ मात्र मला नाही.

आणि हा वेळ देता येत नाही असंही नाही, कारण सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना तो देतं. केंद्र सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. डिसेंबर २०१८ पासून ती एकट्या पुरुष पालकालाही मिळते, त्यात विधुर आले. महाराष्ट्र शासनाने २३ जुलै २०१८ च्या निर्णयाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही तीच दिली. हे निर्णय चांगले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझा प्रश्न एवढाच, की मंत्रालयातल्या कारकुनाचं आईविना बाळ आणि चाकणच्या कामगाराचं आईविना बाळ यांच्या भुकेत काय फरक आहे? शासनाला तत्त्व पटलेलं आहे. ते फक्त आपल्या पगारपत्रकाच्या बाहेर जात नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला असा, की प्रसूती रजा आईची झीज भरून यायला आणि अंगावर पाजायला असते, बापाला ती कशाला? याचं उत्तर तुमच्याच कायद्यात आहे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीने बाळ झालेल्या आईला १२ आठवड्यांची रजा २०१७ पासून मिळते. त्या बाळंत झालेल्या नसतात. तरी संसदेने त्यांना रजा दिली, कारण नवं बाळ घरात आल्यावर कुणीतरी मोठं माणूस पूर्णवेळ जवळ असावं लागतं. हे योग्यच झालं. मग तोच न्याय बापाला लावायला अडचण कसली? उलट अंगावरचं दूध न मिळणाऱ्या बाळाला जास्त जपावं लागतं. पाणी नीट उकळलं नाही, बाटली नीट धुतली नाही, पावडरीचं प्रमाण चुकलं, की जुलाब. हे काम अर्धवट झोपेत, पाळी सांभाळून करण्यासारखं नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. यातला प्रत्येक मृत्यू टाळण्यासारखा होता, असंच मी मानतो, आणि आकडा लहान आहे म्हणून कुणाचं दुःख लहान होत नाही. पण खर्चाचा हिशोब मांडणाऱ्यांनी हेही बघावं, की एखाद्या कारखान्यावर असा प्रसंग अनेक वर्षांत एखाद्या वेळी येईल. तोही भार एकट्या मालकावर टाकू नका, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून किंवा शासनाच्या निधीतून भरपाई द्या. मालकाचं नुकसान करून मला काही नको आहे.

आता महिला व बालविकास विभागाबद्दल. इथे पैशापेक्षा लक्ष कमी पडतं.

सहा महिन्यांखालच्या बाळाचा पोषण आहार अंगणवाडी त्याच्या आईच्या हाती देते. स्तनदा मातेला आहार मिळतो, मुलाला स्वतःच्या नावाने तो सहा महिन्यांनंतर सुरू होतो. आई नसेल तर पहिले सहा महिने हे बाळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. अंगणवाडी सेविकेला माझी कीव आली, पण तिच्या वहीत जागा नव्हती. पाळणा योजनेतली पाळणाघरंही सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे जिथे आई सगळ्यात जास्त लागते, नेमक्या त्या सहा महिन्यांत सगळ्या योजना गृहीत धरतात की आई आहे.

दुधाचंही तसंच. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी उभी केली, आशियातली पहिली. आपल्या राज्याने अभिमान बाळगावा असं हे काम आहे. पण पेढ्यांमधलं दूध मुख्यतः नवजात अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना पुरवावं लागतं, कारण ते कमीच पडतं. पूर्ण दिवसांचं, घरी गेलेलं आईविना बाळ त्या रांगेत येत नाही. पेढ्या वाढवा आणि अशा बाळांची नोंद तिथे व्हावी, असं बघा.

मातामृत्यू झाला की आरोग्य खातं त्याची चौकशी करतं. आमच्या घरीही माणसं आली. तिला कुठली लक्षणं दिसली, किती वाजता निघालात, गाडी कधी मिळाली, हे सगळं त्यांनी शांतपणे, माणुसकीने विचारलं आणि लिहून नेलं. ही चौकशी हवीच, त्यातून पुढच्या बायका वाचतात. पण सगळे प्रश्न होईपर्यंत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि त्या कागदावर तिच्याविषयी पुढे काय करायचं याला जागा नव्हती. आई गेल्याचं सरकारला कळलेलं असतं, बाळ आहे हेही कळलेलं असतं. तरी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज बापानेच शोधायचा, कागद जमवायचे, बालकल्याण समितीपुढे जायचं, आणि हे सगळं कामावरून खाडा करून. महिन्याला २,२५० रुपयांची ही मदत माझ्यापेक्षाही ऊसतोड करणाऱ्या, बांधकामावरच्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापांना जास्त लागते. त्यांना रजा हा शब्दच लागू नाही. काम बुडालं की मजुरी बुडते. त्यांच्यासाठी सरकारने स्वतः दारात जायला हवं.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातली एकच सांगतो. मुलीला घेऊन प्रवास करताना एका एसटी स्थानकावर हिरकणी कक्षाबाहेर मी बाटली घेऊन उभा होतो. आत आया बाळांना पाजत होत्या, मी आत जाणं बरोबर नव्हतंच, आणि त्या खोल्या बायकांच्याच राहिल्या पाहिजेत. पण शेजारी एक बाकडं, एक नळ आणि लंगोट बदलायला एक फळी इतकं कुणाही पालकासाठी करता येईल.

राजकीय पक्षांना एक आठवण करून देतो. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. सगळ्या क्षेत्रांतल्या वडिलांना १५ दिवसांची रजा आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद त्यात होती. ते मंजूर झालं नाही. सातव आज हयात नाहीत. महाराष्ट्राच्या एका खासदाराने सुरू केलेलं हे काम इथल्याच मंत्र्यांनी आणि खासदारांनी पुढे न्यावं, कुठल्याही पक्षाचे असोत.

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. प्रसूती लाभाच्या काळात आई दगावल्यास, तिची उरलेली रजा त्याच दिवसापासून बाळाच्या वडिलांना त्यांच्या नोकरीत भरपगारी मिळावी. वडील नसतील, तर बाळ प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या नोकरदार नातेवाइकाला. आई नोकरी करत नव्हती म्हणून बाळाचा हक्क कमी होऊ नये; तिथेही वडिलांना २६ आठवडे मिळावेत. मालकाला भरपाई शासनाने द्यावी.

२. संहितेत दुरुस्ती होईपर्यंत महाराष्ट्राने थांबू नये. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ राज्याचा आहे. २०१८ च्या शासन निर्णयातली १८० दिवसांची रजा त्यात खासगी नोकरीतल्या विधुर वडिलांसाठी आणावी. कारखान्यांसाठी राज्याला जे नियम करता येतील ते करावेत. या काळात नोकरीवरून काढणं किंवा रात्रपाळी लावणं यांना मनाई असावी.

३. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं आहे, पण दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा कायदा स्त्रीलाच देतो. ती एकट्या वडिलांनाही द्यावी.

४. आई नसलेल्या, सहा महिन्यांखालच्या बाळाची अंगणवाडीत स्वतःच्या नावाने नोंद व्हावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने लागणारं दूध शासनाने पुरवावं, आणि आशा सेविकेच्या घरभेटी अशा घरांत वाढवाव्यात.

५. मातामृत्यूची नोंद झाली की तीच नोंद बालसंगोपन योजनेचा अर्ज समजावी. उरलेले कागद विभागाच्या कर्मचाऱ्याने घरी येऊन पूर्ण करावेत.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयामुळे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहिलं जातं. माझी मुलगी त्यानंतरची. शाळेच्या दाखल्यापासून पुढे प्रत्येक कागदावर तिच्या नावाला लागून तिच्या आईचं नाव असेल. मला याचा फार आनंद आहे. आता ती माझ्याजवळ राहते, शेजारच्या मावशी पाळीच्या वेळात तिला बघतात, आणि तिला माझी सवय झाली आहे. मी मागतोय त्यातली रजा तिच्या उपयोगाची राहिलेली नाही. आज कुठल्यातरी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळ हातात घेऊन जो माणूस उभा असेल, त्याच्यासाठी मागतो आहे.

या पत्राला तिन्ही कार्यालयांकडून लेखी उत्तर मिळावं, आणि मागण्या मान्य नसतील तर कारणं नमूद करावीत, ही विनंती.

आपला,
एका मुलीचा बाप
चाकण, जि. पुणे

ता. क. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमच्या घरी कुणी प्रसूती रजेवर जाणार असेल, तर मालकाला द्यायच्या सूचनापत्रात लाभ कुणाला द्यायचा ते नाव आत्ताच लिहून घ्या. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखं घडलं आहे, त्यांनी बायकोच्या कार्यालयाला लेखी विचारावं. पूर्ण काळाचा लाभ हा बाळाचा हक्क आहे, तो मागायला संकोच करू नका.